गल्फ स्ट्रीम, हिमयुग आणि सोलापूरचा पाऊस

मा. संपादक,

स. न. वि. वि.

'गल्फ स्ट्रीम बंद पडणार आणि पृथ्वीवर पुन्हा हिमयुग येणार' अशा आशयाचा मजकूर मोबाइलवर फिरतो आहे, अधूनमधून वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतही डोकावतो आहे. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर असताना सोलापूरकर तो जरा जास्तच आवडीने वाचतात, यात त्यांची काही चूक नाही. पण त्या मजकुरात तीन वेगवेगळ्या गोष्टींचा काला झालेला असतो. गल्फ स्ट्रीम हा अटलांटिक महासागरातला एक उष्ण प्रवाह. अटलांटिक महासागराचे वर-खाली फिरणारे अभिसरण ही दुसरी गोष्ट. आणि हिमयुग कशामुळे येते ही तिसरी. हा काला निवडला, की हाती येणारी हकिगत त्या मजकुरापेक्षा रंजक निघते, आणि ती थंडीपाशी न संपता आपल्या पावसापाशी येऊन पोहोचते. म्हणून हे पत्र, जरा लांबले तरी.

हिमयुगाचे कारण आधी उरकून टाकू. पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा सुमारे १ लाख वर्षांच्या फेऱ्याने कमी-जास्त लांबट होते. आसाचा कल ४१ हजार वर्षांच्या फेऱ्याने साधारण २२.१ ते २४.५ अंशांत हलतो. शिवाय आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्याचा परिणाम १९ ते २३ हजार वर्षांच्या फेऱ्याने ऋतूंवर दिसतो. या तिन्हींच्या जुळणीने उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात ऊन कमी पडू लागले, की कॅनडा-स्कँडिनेव्हियातला हिवाळ्याचा बर्फ उन्हाळ्यात पुरता वितळत नाही आणि थरावर थर चढत जातो. मिलुटिन मिलानकोविच या सर्बियन शास्त्रज्ञाने हे गणित मांडले. त्याला ठोस पुरावा मिळाला तो १९७६ साली, आणि तोही आपल्याच हिंदी महासागराच्या दक्षिण भागातून काढलेल्या गाळात. सागरी प्रवाह हिमयुग आणत नाहीत. हिमयुग आल्यावर उष्णता कुठल्या गोलार्धात जायची आणि कार्बन डायऑक्साइड कुठे दडून बसायचा, यात मात्र त्यांचा मोठा हात असतो.

गल्फ स्ट्रीमला वारा ढकलतो, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तो अमेरिकेच्या किनाऱ्याला चिकटून वाहतो. वारे वाहताहेत आणि पृथ्वी फिरते आहे तोवर तो बंद पडणे शक्य नाही. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून तो सेकंदाला साधारण ३ कोटी २० लाख घनमीटर पाणी नेतो. यातले बरेचसे पाणी अटलांटिकमध्येच गोल फिरून परत येते. काही भाग पुढे नॉर्वे-ग्रीनलँडच्या समुद्रापर्यंत जातो. तिथे तो गारठतो, आधीच खारट असल्यामुळे जड होतो, दोन-चार किलोमीटर खाली बसतो आणि खोलातून दक्षिणेकडे परत निघतो. हे वर-खाली फिरणे म्हणजेच अभिसरण. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'एमॉक' म्हणतात. बंद पडण्याची चर्चा असते ती याची.

२००४ पासून बहामा ते आफ्रिका या रेषेवर, २६.५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, समुद्रतळाला बांधलेल्या तारांवर उपकरणे टांगून त्याची मोजणी चालू आहे. सरासरी येते सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर. टीएमसी आणि क्युसेक हे शब्द आपल्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही कळतात, तेव्हा त्याच मापात सांगतो: ६० कोटी क्युसेक. उजनी शंभर टक्के भरले म्हणजे ११७ टीएमसी. रिकामे धरण हे अभिसरण सव्वातीन मिनिटांत भरून टाकेल. भीमेत दीड लाख क्युसेक सोडले की पंढरपूरच्या वाळवंटातली मंदिरे पाण्यात जातात. अशा चार हजार भीमा एका वेळी धरा.

एवढे पाणी खाली का बसते आणि कधी बसेनासे होते, हे स्वयंपाकघरात बघता येते. आदल्या रात्री पाण्यात जिलेबीचा रंग घालून बर्फाचे खडे करून ठेवा. काचेचे दोन उंच ग्लास घ्या, दोन्हींत नळाचे पाणी भरा. एकात लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने मीठ विरघळवा; पाव लिटरच्या ग्लासाला पावणेनऊ ग्रॅम, म्हणजे चहाचे दीड सपाट चमचे. ढवळून झाल्यावर अर्धा तास दोन्ही ग्लास तसेच ठेवा, म्हणजे पाणी स्थिरावेल आणि तापमान सारखे होईल. मग एकेक रंगीत खडा अलगद सोडा आणि हात लावू नका. गोड्या पाण्यातल्या खड्याखालून रंगाचे दोरे सुटतात आणि थेट तळाला जातात. खाऱ्या पाण्यात रंग वरच थर धरतो, खालचे पाणी नितळ राहते. मिठाने बर्फ लवकर वितळतो असे आपण धरून चालतो. इथे उलट, गोड्या पाण्यातला खडा आधी संपतो. खाऱ्या पाण्यात वितळलेले गार पाणी खाली जात नाही, खड्याभोवतीच चादर पांघरल्यासारखे पसरून राहते आणि खालचे कोमट पाणी खड्यापर्यंत पोहोचू देत नाही.

प्रयोग फसतो तो बहुधा दोन कारणांनी. मीठ तळाशी न विरघळता राहते, नाहीतर खडा वरून टाकला जातो आणि धक्क्याने पाणी ढवळून निघते. उथळ वाटीत करू नये, दोरे दिसतच नाहीत.

या मागचा हिशेब साधा आहे. ३० अंशांचे पाणी ४ अंशांपर्यंत गार केले तर त्याची घनता अर्धा टक्कासुद्धा वाढत नाही. लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातले तर अडीच टक्क्यांहून जास्त वाढते. त्यामुळे बर्फासारखे गार गोडे पाणी कोमट खाऱ्या पाण्यावर खुशाल तरंगते. उत्तर अटलांटिकवर गोड्या पाण्याचा असा थर पसरला तर हिवाळ्याने तो कितीही गारठवला तरी खाली बसत नाही. पुढचे सगळे या एका ग्लासात आहे.

आता २१ हजार वर्षे मागे जाऊ. शेवटचे हिमयुग तेव्हा ऐन भरात होते. सोलापूरवर अर्थातच बर्फ नव्हता. आपल्या पायाखालचा काळा पाषाण ६ कोटी ६० लाख वर्षांचा; त्याच्या मानाने हिमयुगे कालपरवाची. पण समुद्र आजच्यापेक्षा १२० ते १३० मीटर खाली गेला होता. मुंबई-दमणसमोरचा उथळ खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा समुद्राखालचा सपाट भाग, सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, त्यातला बहुतेक भाग उघडी जमीन होती. आज त्याच्या बाहेरच्या कडेला, खोल पाण्यात, ऊलाइटचा, म्हणजे बारीक गोल कणांचा, चुनखडक सापडतो. हा खडक मुळात किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात तयार होतो, म्हणजे किनारा एके काळी तिथे होता याची ती खूणच. अलास्का आणि सैबेरिया यांच्यामधली बेरिंगची सामुद्रधुनी जेमतेम ५० मीटर खोल, ती पूर्ण बुजली, आणि पॅसिफिकमधून आर्क्टिकमार्गे अटलांटिकला मिळणारे कमी खारट पाणी थांबले. जावा, सुमात्रा, बोर्निओ आशियाच्या जमिनीला जोडली गेली. पॅसिफिकमधून हिंदी महासागरात येणाऱ्या पाण्याला पूर्वेकडच्या खोल सामुद्रधुन्या तेवढ्या मोकळ्या राहिल्या. इतके गोडे पाणी बर्फात अडकल्यामुळे जगभरच्या समुद्राच्या लिटरभर पाण्यात मीठ सुमारे १ ग्रॅमने वाढले.

अशा समुद्रात अटलांटिकचे अभिसरण बंद पडले होते का? तर नाही. उत्तरेत पाणी खाली बसत होते, पण आजच्याइतके खोल जात नव्हते. आज उत्तरेचे पाणी साधारण चार किलोमीटरपर्यंतचा भाग व्यापते. तेव्हा ते सुमारे दोन किलोमीटरवरच थबकून दक्षिणेला वळत होते, आणि त्याच्याखालचा सगळा तळ अंटार्क्टिकाकडून आलेल्या पाण्याने भरलेला होता, असे बहुतेक पुरावे सांगतात. तिकडे समुद्रावरचा बर्फ फार पसरला होता. समुद्राचे पाणी गोठताना मीठ बाहेर टाकते, आणि उरलेले अतिखारट पाणी उतार धरून तळाला जाते. आज खोलातल्या निरनिराळ्या पाण्यांत फरक असतो तो मुख्यतः तापमानाचा. हिमयुगात सगळेच खोल पाणी गोठणबिंदूला टेकले होते, तेव्हा फरक उरला मिठाचा, आणि सर्वांत खारट पाणी दक्षिण महासागराच्या तळाशी होते. हे अंदाजाने सांगितलेले नाही. समुद्रतळाच्या गाळात, चिखलाच्या कणांमध्ये, त्या काळचे पाणी अजून काही प्रमाणात अडकून आहे. ते पिळून काढून मोजलेले आहे.

तळातल्या या जड, खारट थराने कार्बन डायऑक्साइड कोंडून धरला. हवेतले प्रमाण १० लाखात १९० भागांपर्यंत उतरले. औद्योगिक क्रांतीआधी ते २८० होते, आज ४२० च्या वर आहे. हिमयुग संपताना, १८ ते ११ हजार वर्षांपूर्वी, दक्षिण महासागरात ते पाणी वर आले आणि हवेतला आकडा २६५ च्या आसपास चढला.

अभिसरण खरोखर बंद पडायच्या बेताला आले ते हिमयुगाच्या भरात नव्हे, बर्फ फुटू-वितळू लागला तेव्हा. फिरणाऱ्या मजकुराने नेमके हेच उलटे करून ठेवले आहे. हार्टमुट हाइनरिख या जर्मन संशोधकाने १९८८ साली उत्तर अटलांटिकच्या तळातल्या गाळात खडीचे थर दाखवून दिले. किनाऱ्यापासून इतक्या लांब, खोल समुद्रात खडी येणार कुठून? हिमनग घेऊन येतात. कॅनडावरच्या प्रचंड हिमस्तराचा भाग हडसन सामुद्रधुनीतून कोसळला, हिमनगांचे तांडे पूर्वेकडे निघाले, वाटेत वितळले आणि पोटातले दगड टाकत गेले. त्या खडीत हडसन उपसागराकडच्या चुनखडकाचे कण ओळखू येतात. ६० हजार ते १६ हजार वर्षांपूर्वीच्या काळात असे सहा ठळक थर आहेत. वितळलेल्या गोड्या पाण्याने काय केले असेल हे ग्लासात दिसलेच आहे.

प्रवाह मंदावला होता हे ओळखायची एक पद्धत फार देखणी आहे. समुद्राच्या पाण्यात युरेनियम सगळीकडे जवळपास सारखे विरघळलेले असते. त्यापासून प्रोटॅक्टिनियम-२३१ आणि थोरियम-२३० ही दोन मूलद्रव्ये ठराविक प्रमाणात, ०.०९३ ला १, तयार होत राहतात. थोरियम चिकट स्वभावाचे. काही दशकांतच कणांना चिकटून खाली बसते. प्रोटॅक्टिनियम पाण्यात शे-दोनशे वर्षे रेंगाळते. खोल प्रवाह जोरात असेल तर तेवढ्या वेळात तो प्रोटॅक्टिनियमचा बराचसा भाग दक्षिणेला वाहून नेतो, आणि जागच्या गाळात प्रमाण कमी भरते. प्रवाह थांबला तर दोन्ही जागच्या जागी बसणार आणि गाळात पुन्हा ०.०९३ च दिसणार. बर्म्युडाजवळच्या गाळात अलीकडच्या काही हजार वर्षांचे प्रमाण ०.०५५ च्या आसपास आहे. ऐन हिमयुगाच्या थरांत ते थोडेच जास्त. १७ हजार वर्षांपूर्वीच्या, पहिल्या हाइनरिख थराच्या वेळच्या गाळात मात्र ते ०.०९ च्या घरात जाते. हे काम २००४ साली प्रसिद्ध झाले आणि 'प्रवाह बंद पडला होता' हे वाक्य जगभर गेले.

पण ही पद्धत एका ठिकाणी दगा देते. डायटम नावाच्या शेवाळाच्या काचेसारख्या सिलिका-कवचांना प्रोटॅक्टिनियमही चिकटते. त्या काळात डायटम वाढले असतील तर प्रवाह चालू असूनही आकडा वर जाईल. म्हणून प्रत्येक थरातली सिलिका वेगळी मोजावी लागते, आणि एका जागेवर विसंबता येत नाही. पुढे अटलांटिकभरातल्या अनेक ठिकाणांची जुळणी केल्यावर 'पूर्ण बंद' हे शब्द मागे पडले. 'फार मंद' एवढे टिकले.

दुसरा, जास्त वापरातला पुरावा म्हणजे फोरॅमिनिफेरा, चुन्याच्या कवचात राहणारे एकपेशीय जीव. काही पाण्याच्या वरच्या थरात तरंगतात, काही तळावर राहतात. जहाजावरून वजनदार नळ गाळात रोवून गाभा काढतात, तो उभा चिरतात आणि दर एक-दोन सेंटीमीटरवर नमुना घेतात. नमुना ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याखाली धुतात. चिखल निघून जातो, वर उरते ती बारीक वाळूसारखी कवचे. ४०-५० अंशांवर वाळवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या थाळीत पसरून, ओल्या केलेल्या तीन-शून्याच्या ब्रशच्या टोकाने एकेक कवच उचलतात. पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरचे, एकाच जातीचे, न फुटलेले. ज्वारीतले खडे निवडणाऱ्याला या कामाची कल्पना येईल, फक्त इथे खडेच हवे असतात आणि ज्वारी टाकायची असते. पाच-दहा कवचे जमली की ती ध्वनिलहरींच्या भांड्यात स्वच्छ करायची, ७० अंशांना फॉस्फोरिक आम्लात विरघळवायची आणि निघालेल्या वायूतला जड-हलका ऑक्सिजन व जड-हलका कार्बन मास स्पेक्ट्रोमीटर या अणू-रेणू वजनाप्रमाणे वेगळे करणाऱ्या यंत्रावर मोजायचा. एकदोन मिलिग्रॅमचा शंभरावा भागही यंत्राला पुरतो.

तळावरच्या कवचातला जड कार्बन सांगतो की तिथले पाणी उत्तरेचे की दक्षिणेचे. ठरलेल्या मानकाच्या तुलनेत उत्तरेचे ताजे पाणी हजारी एकच्या आसपास जड भरते, दक्षिणेचे त्याच्या निम्म्याहून कमी. अटलांटिकमध्ये निरनिराळ्या खोलींवरून २१ हजार वर्षांपूर्वीच्या थरांतली अशी कवचे मोजली, तेव्हा दोन किलोमीटरच्या खाली आकडे एकदम घसरलेले दिसले. वर सांगितलेली रेघ तिथून आली. इथे चूक होते ती जात निवडताना. 'सिबिसिडॉइडिस वुलेरस्टॉर्फी' ही जात गाळाच्या पृष्ठभागावर राहते आणि पाण्याचा कार्बन जसाच्या तसा नोंदवते. 'युविजेरिना' चिखलात शिरून राहते, तिथे कुजणाऱ्या वनस्पतीचा हलका कार्बन तिच्या कवचात उतरतो. दोन्ही एका कुपीत गेल्या तर पाणी दक्षिणेचे आहे असे खोटेच निघते. निओडिमियम नावाच्या दुर्मीळ मूलद्रव्याचे समस्थानिक, म्हणजे त्याचेच कमी-जास्त वजनाचे अणू, वापरणाऱ्या काही अभ्यासांत तर उत्तरेचे पाणी हिमयुगातही बऱ्यापैकी खोल पोहोचत होते असे येते. हा वाद मिटलेला नाही. आमचे मत दोन किलोमीटरच्या बाजूला झुकते, पण ती रेघ सुतासारखी सरळ होती असे कोणी समजू नये.

वयाचा घोळ वेगळाच. खुल्या महासागरात हजार वर्षांत दोनेक सेंटीमीटर गाळ साचतो, आणि तळातले किडे वरचा दहा सेंटीमीटर थर सतत उकरत असतात. म्हणजे पाच हजार वर्षांची खिचडी. १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा 'यंगर ड्रायस' हा थंडीचा झटका अवघ्या १,२०० वर्षांचा. असल्या गाळात तो सापडणारच नाही. कार्बन-१४ ने वय काढावे तर समुद्राचे पाणी मुळातच हवेपेक्षा सुमारे ४०० वर्षे 'म्हातारे' दिसते, आणि उत्तर अटलांटिकमध्ये अभिसरण मंदावले तेव्हा हे अंतर आणखी वाढले. म्हणजे ज्या काळाचे वय हवे त्याच काळात घड्याळ बिघडलेले. म्हणून गाळ जिथे भराभर साचतो, किंवा जिथे किडेच नसतात, अशा जागा शोधाव्या लागतात.

किडे नसलेली अशी एक जागा आपल्या अरबी समुद्रात आहे. साधारण २०० ते १,००० मीटर खोलीवर इथे पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही, आणि पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोर या पट्ट्यातला गाळ वहीच्या पानांसारखा थरांथरांनी टिकून आहे. १९९८ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा ग्रीनलँडच्या बर्फातल्या नोंदी शेजारी ठेवल्यावर दोन्ही आलेख एकमेकांचे चुलतभाऊ निघाले. ग्रीनलँडच्या बर्फात शेवटच्या हिमयुगातले पंचवीसएक झटके दिसतात. काही दशकांतच तापमान ८ ते १६ अंशांनी चढते, मग शेकडो-हजारो वर्षे हळूहळू उतरते. तिकडे ऊब, तेव्हा इकडे गाळ काळपट, सेंद्रिय द्रव्याने भरलेला, पाने शाबूत. तिकडे कडाका, तेव्हा इकडे गाळ फिकट आणि किड्यांनी उकरलेला.

कारण मान्सून. नैऋत्य वारे जोराचे असले की अरबी समुद्राचे खालचे, खतयुक्त पाणी वर येते, प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजते, मरून खाली जाते आणि कुजताना प्राणवायू संपवते. वारे मंदावले की हे सगळे मंदावते, प्राणवायू उरतो, किडे परततात. आणि वारे का मंदावतात? अटलांटिकचे अभिसरण विषुववृत्त ओलांडून दक्षिणेची उष्णता उत्तरेला नेत असते. ते रोडावले की उत्तर गोलार्ध गारठतो, दक्षिण तापतो. अंटार्क्टिकाच्या बर्फात हा उलटा चढ सुमारे २०० वर्षांच्या अंतराने उमटलेला दिसतो. पावसाचा विषुववृत्तीय पट्टा उबेच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेला सरकतो आणि आपल्याकडे येणारा मान्सून दुबळा होतो. पहिला हाइनरिख काळ आणि यंगर ड्रायस, दोन्ही वेळा असेच घडल्याचे अरबी समुद्राचा गाळ सांगतो आणि चीनमधल्या गुहांतले चुन्याचे स्तंभही. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचे पाणी आटल्यामुळे हिमयुगात वरचे पाणी आजच्यापेक्षा खारट होते. उलट ९ हजार वर्षांपूर्वी उत्तरेच्या उन्हाळ्यात ऊन आजच्यापेक्षा सात-आठ टक्के जास्त पडत होते, तेव्हा मान्सून जोमात होता.

तेव्हा आपल्या जिल्ह्याने विचारायचा प्रश्न थंडीचा नाही. सोलापूरला वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस, त्यातला सर्वांत भरवशाचा सप्टेंबरचा. त्याच ओलीवर मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी पेरली जाते. खोल समुद्रातल्या गाळावरून 'सोलापुरात इतके मिलिमीटर कमी पडले' असे मात्र काढता येत नाही, आणि कोणी काढून दाखवले तर त्यावर विश्वास ठेवू नये. गाळ वाऱ्याचा जोर सांगतो, एका तालुक्याचा पर्जन्यमापक होऊ शकत नाही.

हे सगळे एकाच हिमयुगाचे नाही, हेही सांगायला हवे. त्याआधीचे हिमयुग सुमारे १ लाख ३० हजार वर्षांपूर्वी संपले, तेव्हाही हिमनगांची लाट आणि मंदावलेले अभिसरण अशीच जोडी दिसते. साधारण १० लाख वर्षांपूर्वीपर्यंत हिमयुगे ४१ हजार वर्षांनी येत होती, नंतर ती १ लाख वर्षांच्या अंतराने आणि जास्त कडक येऊ लागली. या बदलाच्या ऐन मध्यावर, सुमारे ९ लाख वर्षांपूर्वी, दक्षिण अटलांटिकच्या गाळात अभिसरण बराच काळ दुबळे राहिल्याची खूण आहे.

राहिला आजचा प्रश्न. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात अभिसरण मंदावण्याची दाट शक्यता आहे. २१०० च्या आत ते अचानक कोसळणार नाही, असे अहवाल मध्यम खात्रीने म्हणतो. २०२३ साली एका शोधनिबंधाने ते कोसळण्याचा या शतकाच्या मध्याचा मुहूर्त काढला आणि मथळे त्यावरच झाले. तो निबंध समुद्रपृष्ठाच्या तापमानाच्या नोंदींतून संख्याशास्त्राने काढलेला आहे. थेट मोजणी अवघी २००४ पासूनची, आणि अभिसरण दरवर्षी इतके वर-खाली होते की वीस वर्षांत कल ठरवणे अवघड. भूतकाळाशी तुलनाही जपून करावी. तेव्हा वितळायला समुद्र १२० मीटर वर चढवेल एवढा बर्फ होता. आज ग्रीनलँडचा सगळा बर्फ गेला तर पातळी सात मीटरच्या थोडी वर चढेल. शिवाय हवा तापल्याने बाष्प वाढते आहे, ही गोष्ट हिमयुगात नव्हती. अभिसरण मंदावले तर मान्सूनला ओढ एका बाजूने, वाढत्या बाष्पाने दुसऱ्या बाजूने. यात हिमयुग कुठेच बसत नाही. हवेत ४२० भाग कार्बन डायऑक्साइड असताना कॅनडात उन्हाळ्यात बर्फ टिकून राहण्याची पुढची कित्येक हजार वर्षे तरी चिन्हे नाहीत.

संपादक महाशय, एक विनंती. प्रवाहांची बातमी छापताना सोबत जगाचा तोच नकाशा येतो, लाल बाण उष्ण, निळे बाण थंड. त्यात सगळे पाणी एकाच पातळीवर वाहताना दिसते आणि गल्फ स्ट्रीम व अभिसरण यांतला फरक तिथेच पुसला जातो. त्याऐवजी अटलांटिकचा उभा छेद छापावा. आडव्या अक्षावर अंटार्क्टिका ते ग्रीनलँड अक्षांश, उभ्या अक्षावर शून्य ते पाच किलोमीटर खोली. एक छेद आजचा, त्याच्याखाली दुसरा २१ हजार वर्षांपूर्वीचा, दोन किलोमीटरवर तुटक रेघ मारलेला. तुटक अशासाठी की ती नेमकी कुठे होती यावर अजून मतभेद आहेत. दोन्हींना मिळून अर्धा रकाना पुरेल.

कळावे, लोभ असावा.

आपले,
भूगोल व भूशास्त्राचे काही अध्यापक, सोलापूर